वाचलं नसेल त्याने बोलू नये

वाचनालयात काम करणारी बाई दिवसभर खुर्चीत बसून पुस्तकं वाचते, असा लोकांचा पक्का समज आहे. माझ्या सासूबाई तर शेवटपर्यंत नातेवाइकांना सांगत, "आमची सून नोकरीला जाते, पण बसूनच असते हो." बिबवेवाडीतल्या एका वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता खरोखरच बसून आहे, तेव्हा त्या समजाचा एकदा समाचार घेऊन टाकते.

आमचं वाचनालय पहिल्या मजल्यावर आणि बरोबर खाली पिठाची गिरणी. त्यामुळे दिवसाची सुरुवात सरस्वतीच्या फोटोने नव्हे, तर फडक्याने व्हायची. कथा असो की चरित्र, सगळ्यांवर गव्हाच्या पिठाचा सारखाच थर. मग परत आलेली पुस्तकं तपासायची. पान फाटलंय का, आमटीचा डाग पडलाय का, मध्ये काही राहिलंय का. बसची तिकिटं आणि औषधांच्या चिठ्ठ्या तर रोजच्याच. एकदा एका प्रवासवर्णनात भाजलेला पापड निघाला होता, चपटा आणि अजून खाण्याजोगा. मग प्रत्येक पुस्तक जागच्या जागी ठेवायचं. कपाटात चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच. ते चोरीला गेलं असतं तर निदान कुणी तरी वाचलं तरी असतं.

खरं कौशल्य मात्र समोरच्याला काय द्यायचं हे ओळखण्यात असतं. शंभरातले ऐंशी लोक "काहीतरी चांगलं द्या" एवढंच म्हणतात. चांगलं म्हणजे काय, हे त्यांच्या तोंडाकडे बघून आपण ठरवायचं. यात माझा हातखंडा आहे, असं सगळे म्हणत. "लिमयेबाई देतील ते डोळे मिटून न्यावं," अशी माझी ख्याती होती. विशेषतः एक जुनी कादंबरी मी इतक्या बायकांच्या पिशवीत घातली आहे की तिची बांधणी तीनदा करावी लागली. माझं वाक्य ठरलेलं असे: "त्यातलं आईच्या मरणाचं प्रकरण वाचा. पदर ओला झाला नाही तर पुस्तक माझ्याकडे आणून आपटा." कुणी आणून आपटलं नाही.

आमच्याकडे एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक रेघांचा कागद चिकटवलेला असे. त्याला आम्ही मतपान म्हणायचो. वाचून झालं की वाचकाने त्यावर आपलं मत लिहायचं. शिसपेन्सिलीने, तीन ओळींत, खाली नाव नाही, फक्त सभासद क्रमांक. शेवट सांगायचा नाही. काही पुस्तकांत मूळ कथेपेक्षा मतपानावरची भांडणंच जास्त रंगलेली. "४७ यांनी हे पुस्तक उलटं धरून वाचलेलं दिसतं," असं कुणी लिहायचं आणि ४७ चार महिन्यांनी तेच पुस्तक पुन्हा नेऊन त्याला उत्तर द्यायचे.

या मतपानांचा राजा म्हणजे क्रमांक २१२, साळवे सर. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं टपोरं आणि बोलणं मोजकं. तीन ओळी म्हणजे तीनच. माझ्या अंदाजाने आमच्या निम्म्या पुस्तकांत तरी २१२ सापडेल.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाचला आमची बैठक असायची. कपाटांच्या मधल्या जागेत पंधरा-वीस खुर्च्या, चहा आणि क्रीमची बिस्किटं. ज्या पुस्तकावर सिनेमा निघालाय असं पुस्तक वाचायचं, सिनेमा पाहायचा आणि मग भांडायचं. पुढे सिनेमाच्या जागी मोबाईलवरच्या मालिका आल्या. एकदा एका गृहस्थांनी फक्त वर्तमानपत्रातलं परीक्षण वाचून तासभर भाषण ठोकलं होतं. त्यानंतर साळवे सरांनी नियम केला आणि स्वतःच्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून खिळ्याला टांगला: "वाचलं नसेल त्याने बोलू नये." त्या पाटीखाली भले भले गप्प बसलेले मी पाहिले आहेत.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका जुन्या, कुणी न विचारणाऱ्या कादंबरीवर मालिका आली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. एका रात्रीत पुस्तकाचं भाग्य फळफळलं. हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी आली आणि म्हणाली, "काकू, फर्स्ट सीझन बघून झालाय माझा. मग आता कुठल्या पानापासून स्टार्ट करू?" एका काकांनी पुस्तक दोन दिवसांत परत आणलं. कारण विचारलं तर म्हणाले, "यात ती मारामारी कुठाय?" मी म्हटलं, "लेखकाला सुचली नसेल. तुम्ही मतपानावर लिहून ठेवा." त्यांनी खरंच लिहिलं.

बैठकीसाठी तीच कादंबरी ठरली. मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुष्कळ महिन्यांनी मी एखादं पुस्तक असं पूर्ण वाचलं होतं, आणि क्वचित अभ्यास करणाऱ्या पोराला उत्तर आलं की ते जसं हात वर करून नाचतं, तशी माझी गत झाली होती.

साळवे सर त्या दिवशी नेहमीप्रमाणे शेवटी बोलायला उठले. म्हणाले, "धाकटी निघते आणि थोरली फलाटावर धावत येते, तो प्रसंग लेखकाने फार संयमाने लिहिला आहे."

आता, त्या पुस्तकात फलाट नाही. पुस्तकाच्या शेवटी धाकटी घरी येते, दाराला कुलूप असतं, ती शेजारणीकडे किल्ली तशीच राहू देते आणि निघून जाते. फलाट, शिट्टी आणि धावाधाव हे सगळं मालिकावाल्यांचं. मला थांबता आलं असतं. जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही. मी म्हटलं, "अहो सर, त्या गावाला रेल्वेच नाही. पाटी आपणच लिहिलीत ना? की तीही ऐकीव?"

सगळे हसले. सरांनी पाटीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "बरोबर आहे आपलं," आणि खाली बसले. चहा न घेता गेले. पुढच्या बैठकीला आले नाहीत. पुस्तक बदलायलाही आले नाहीत. आणि मला त्या संध्याकाळी फार छान वाटत होतं, हे इथे लिहिताना आजही लाज वाटते.

दोन महिने झाले तेव्हा मी त्यांचं खातं बघायला रजिस्टर काढलं. त्यांच्या सह्या बघत गेले आणि हात थांबला. आधी रेघेवर असणारी सही हळूहळू खाली घसरत शेजारच्या माणसाच्या रकान्यात गेलेली. मग मी कपाटाकडे गेले आणि त्यांनी अलीकडे नेलेली पुस्तकं एकेक काढून मतपानं बघितली. टपोरं अक्षर वाकडं झालं होतं. पुढे एक ओळ दुसरीवर चढली होती. त्यानंतर २१२ कुठेच नाही, जवळजवळ दोन वर्षं. आणि मला आठवलं, ओळी एकमेकींवर चढलेलं ते पुस्तक त्यांनी परत केलं तेव्हा मी काउंटरवर म्हणाले होते, "सर, अक्षरासाठी पोरांना छड्या मारल्या असतील तुम्ही, आणि आता हे?" ते हसले होते आणि पेन्सिल खिशात ठेवली होती. "सही कुठे करू?" असं ते मला दर वेळी विचारायचे. मी बोट ठेवायचे. दोन वर्षं बोट ठेवत होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

त्यांना दिसत नव्हतं. बाकीचं मला पुढे त्यांच्या मुलीकडून कळलं. चालताना आधार लागत नव्हता, कारण कडेचं दिसायचं, पण बघावं तिथे मधोमध काळा डाग. चष्म्याने सुटणारं दुखणं नव्हतं. ते पुस्तकं घरी न्यायचे, आठ दिवस ठेवायचे आणि परत आणायचे. बैठकीत इतरांचं ऐकून, जुन्या वाचनाच्या जोरावर शेवटी बोलायचे. त्या मालिकेचे संवाद त्यांनी कान देऊन ऐकले होते आणि पुस्तकातही तसंच असेल असं धरून चालले होते.

आणि आता माझं सांगते. लोक काय समजतात ते वर सांगितलंच, पण एकतीस वर्षांत मी आमच्या पुस्तकांतली किती पूर्ण वाचली असतील? बैठकीपुरती, आणि त्यातही काही अर्धीच. फडकं, रजिस्टर, बांधणी, थकलेली वर्गणी आणि घरी गेल्यावर संसाराचं दुसरं रजिस्टर. मी पुस्तकाचं पहिलं पान वाचायचे आणि मतपान वाचायचे. त्यातही २१२ आधी. माझी सगळी ख्याती त्या तीन-तीन ओळींवर उभी होती. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. ही म्हण मी किती जणांना सुनावली असेल, पण माझ्या नाकापर्यंत यायला तिला एवढी वर्षं लागली.

सोमवारी वाचनालयाला सुट्टी. मी ठरवलं, सरांना परत आणायचं. लिमयेबाई एकदा ठरवलं की ठरवलं.

सरांचं घर मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. दार त्यांच्या मुलीने, सुजाताने उघडलं. तिला सोमवारी घरून काम असायचं. समोर काचेच्या कपाटात बुद्धांची लहानशी मूर्ती, आणि खाली पुस्तकं, ओळीने, एकही तिरकं नाही. सरांनी आवाजावरून ओळखलं.

"लिमयेबाई, आपण कशा काय?"

"माफी मागायला आले."

"मागितलीत. चहा घ्या."

मी चहा घेतला आणि पिशवीतून पुस्तक काढलं. म्हटलं, "मी दर सोमवारी येऊन वाचून दाखवीन."

सर म्हणाले, "नको."

सुजाता आतून म्हणाली, "काकू, मी किती वेळा बोलले बाबांना. ऑडिओ लावून देते, हेडफोन घ्या. ते ऐकतच नाहीत. थोडा ईगो इश्यू आहे."

"ईगो नाही," सर म्हणाले. मग माझ्या बाजूला तोंड करून बोलू लागले. "माझे वडील इथेच, यार्डात हमाली करायचे. अक्षरओळख नव्हती. गावाहून पत्र आलं की ते घेऊन एका दुकानदारापुढे उभे राहायचे. तो हातातलं काम उरकून, त्याला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढं वाचायचा. मी शेजारी उभा असायचो. वडील म्हणायचे, 'माझा पोरगा कुणापुढं पत्र घिऊन हुभा ऱ्हाणार नाय.' आमच्या घरातला पहिला वाचणारा मी. आता या वयात मी कुणापुढे उभा राहू?"

मी पुस्तक पिशवीत घातलं. मी घरी आले. पुढच्या सोमवारी पुन्हा गेले. त्या दिवशी हवापाण्याच्या गप्पा झाल्या, चहा झाला, पुस्तक पिशवीतच राहिलं. निघताना सर म्हणाले, "आपण चिकाटीच्या आहात." ते कौतुक नव्हतं.

आठवडाभर मी तोच विचार करत होते. भाजी निवडताना, फडकं मारताना. शनिवारी गिरणीच्या पायऱ्यांवर दोन शाळकरी मुली धडा पाठ करत बसल्या होत्या, एक वाचत होती आणि दुसरी तिच्या चुका काढत होती, आणि मला वाट सापडली.

तिसऱ्या सोमवारी मी बसलेच नाही. म्हटलं, "सर, वर्गात तुम्ही मुलांकडून प्रकट वाचन करून घ्यायचात ना?"

"रोज."

"तेव्हा मुलं तुम्हाला वाचून दाखवायची का?"

मी उत्तराची वाट बघितली नाही. मी म्हटलं, "माझं वाचन कच्चं आहे. एकटीने बसवत नाही, दहा पानांत झोप येते. मला शिस्त लावायला मास्तर हवाय. जमत असेल तर सांगा, नाहीतर मी दुसरा बघते."

त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग म्हणाले, "उभ्या राहा. वाचताना विद्यार्थी उभा राहतो."

एकसष्टाव्या वर्षी, गुडघ्यांना पट्टे बांधून, मी उभी राहिले आणि त्या दोन बहिणींची कादंबरी पहिल्या पानापासून वाचू लागले. चौथ्या ओळीवर सरांनी टेबलावर बोट आपटलं. "स्वल्पविराम आहे का तिथे?" मी म्हटलं, "आहे." "मग कुठे पळत सुटलात? गाडी चुकतेय?" सुजाता लॅपटॉप घेऊन दारात आली आणि तोंडावर हात धरून उभी राहिली. दहा पानांनी सर म्हणाले, "बसा आता. गृहपाठ म्हणून पुढचं प्रकरण घरी वाचून या."

अशी आमची सोमवारची शाळा सुरू झाली. कादंबरी संपली तेव्हा मी त्यांना विचारलं, पुस्तक खरं की मालिका. त्यांनी पुस्तक हातात मागून घेतलं. म्हणाले, "मालिकेने थोरलीला धावायला लावलं, कारण बघणाऱ्याला रिकाम्या हाताने उठवायची त्यांना भीती वाटते. पुस्तकाने किल्ली शेजारणीकडे राहू दिली. किल्ली आहे म्हणजे कुणी तरी परत येऊ शकतं. मला पुस्तक मोठं वाटतं." मग म्हणाले, "पण थोरलीच्या आवाजातली खरखर पुस्तकात नाही. ती त्या नटीने आणली. ते श्रेय तिला दिलं पाहिजे. लिहा." मी मतपानावर लिहिलं. तीन ओळींत बसेना, तर त्यांनी दोन वाक्यं कापायला लावली. खाली २१२ घातलं.

बैठकीला यायला मात्र ते तयार नव्हते. चार महिने मी मागे लागले. शेवटी एका रविवारी सुजाता त्यांना घेऊन आली. पुस्तक नवं होतं, त्यावरची मालिकाही नवी होती. सोमवारच्या शाळेत ते पुस्तक आमचं वाचून झालेलं. सगळे बोलले. शेवटी सर उठले, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण मागची संध्याकाळ कुणीच विसरलं नव्हतं.

सर म्हणाले, "मला आता दिसत नाही. हे पुस्तक मी वाचलेलं नाही, ऐकलेलं आहे. पाटी माझ्या हातची आहे. तेव्हा मी बोलत नाही." आणि खाली बसले.

कोथरूडहून दोन बस बदलून येणारे आमचे जुने सभासद जोगकाका म्हणाले, "नियम खरा, पण सरांपुरती सवलत द्यायला हरकत नसावी."

"सवलत नको," सर म्हणाले.

मी उभी राहिले. म्हटलं, "हा नियम सगळ्यांना सारखा असेल, तर मी इथे आल्यापासून गप्प बसायला हवं होतं. तुम्हाला मी जी पुस्तकं दिली, त्यातली बहुतेक मी वाचलेली नाहीत. मतपान वाचून सांगत होते. त्यातही सरांचं मतपान. मी त्यांना सगळ्यांसमोर हसले, म्हणून हेही सगळ्यांसमोर सांगतेय. आता ती पाटी काढा, नाहीतर मला बाहेर काढा."

एका बाईंचं बिस्कीट चहात पडलं. माझ्या नोकरीची सगळी अब्रू त्या कपाटांच्या मध्ये उघडी पडलेली, आणि मी मान खाली घालून उभी.

तेवढ्यात सर म्हणाले, "मला माहीत होतं."

मी मान वर केली. ते म्हणाले, "फार वर्षं झाली. मी पुस्तक बदलायला आलो होतो. तुम्ही एका बाईंना सांगत होतात, आईच्या मरणाचं प्रकरण वाचा, पदर ओला होतो. त्या कादंबरीत आई मरत नाही, लिमयेबाई. मावशी मरते. मतपानावर मी चुकून आई लिहिलं होतं. माझी चूक मी तुमच्या तोंडून ऐकली."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"त्या बाई पुस्तक घरी नेत होत्या," सर म्हणाले. "मध्ये बोललो असतो, तर त्यांनी खाली ठेवलं असतं."

मी त्यांना एका मिनिटात उघडं पाडलं होतं. ते माझ्याबाबतीत इतकी वर्षं गप्प बसले होते. मला तिथेच रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. जोगकाकांनी खुर्चीवर चढून पाटी काढली. सर म्हणाले, "फेकू नका. मागची बाजू कोरी आहे." त्या मागच्या बाजूला काय लिहायचं यावर आमचे त्या दिवशी जे वाद झाले, ते मिटायच्या आत मी निवृत्त झाले. पाटी अजून कोरी आहे. सोमवारची शाळा चालू आहे आणि मला अजून उभंच राहावं लागतं.

त्या रविवारी सगळे गेल्यावर मी ती जुनी कादंबरी कपाटातून काढली. मतपानावर ते टपोरं अक्षर होतं, खाली २१२. 'आई' हा शब्द सुधारायला मी खोडरबर हातात घेतलं आणि परत खणात ठेवलं. पुस्तक रजिस्टरला माझ्या नावावर लावलं, घरी नेलं आणि पहिल्या पानापासून वाचलं. सर म्हणतात ते बरोबर आहे, मावशीच आहे. पण पदर ओला होतो, तेही खरं आहे.